पाचवीचा शुक्रवारचा तास

मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की भाजीच्या आधी किस्सा बाहेर पडतो. कुणी मुद्दाम गोळा करायला जात नाही. माझा नवरा बँकेत आहे. त्याच्याकडं वर्षाकाठी एखादा किस्सा घडतो आणि तोही सांगताना तो स्वतःच आधी हसतो. आमच्याकडं सोमवारी प्रार्थनेच्या घंटेला पहिला होतो, गुरुवारपर्यंत ढीग लागतो! लोकांना वाटतं, शाळा म्हटली की पोरांचेच किस्से असणार. छे! पोरांचे थोडे. बाकीचे सगळे आम्हा पगारी माणसांचे.

मी मराठी शिकवते. शाळा बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्याला लागूनच आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायचीय. एवढंच सांगते, की फाटकावरच्या बोर्डावर शाळेच्या नावापेक्षा 'स्कॉलरशिप' हा शब्द मोठा आहे. ही आमचे मुख्याध्यापक शेंडगे सर यांची कृपा. सर मूळचे गणिताचे. माणूस भला, वेळेवर येतात, पोरांवर हात उगारत नाहीत. फक्त त्यांच्या मते जगात वाचन दोनच प्रकारचं असतं. एक मार्कांचं आणि दुसरं बिनकामाचं.

तर गेल्या वर्षी मी हट्ट करून पाचवीसाठी शुक्रवारचा शेवटचा तास मागितला. पोरांनी गोष्टीची पुस्तकं वाचायची, बस्स. प्रश्न नाहीत, परीक्षा नाही.

सरांनी वेळापत्रकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "नुसतं वाचायचं? म्हणजे वाचून पुढं काय?"

"पुढं काही नाही सर."

"मग ते धरायचं कशात?"

शेवटी सौदा ठरला. वर्षभरात स्कॉलरशिपच्या तीन सराव परीक्षा होतात. प्रत्येकीत एक उतारा आणि त्यावर पाच प्रश्न. तिसऱ्या परीक्षेत निम्म्या वर्गाला उताऱ्यात पाचपैकी पाच मिळाले, तर तास माझा. नाहीतर तास स्कॉलरशिपला आणि पुस्तकांचं कपाट पुन्हा बंद. "वाचनानं फायदा होतो म्हणता ना मॅडम? मग दिसू दे!" आणि मी हो म्हणाले! माझ्यासारखी शहाणी मीच.

०००

आता त्या कपाटाचं ऐका. आमचं ग्रंथालय म्हणजे सरांच्या खुर्चीमागचं एक लोखंडी कपाट. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, "इतक्या वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही की एक पान फाटलं नाही!" शब्दन् शब्द खरा होता. कारण कपाट उघडलंच नव्हतं. चावी सापडायला आमच्या शिपाईतात्यांना दोन दिवस लागले.

उघडून बघते तर पुस्तकं कोरी करकरीत. फक्त चोरीला जाऊ नयेत म्हणून कुणा कर्तव्यदक्ष माणसानं पानापानावर शाळेचा जांभळा शिक्का मारून ठेवलेला, आणि तोही नेमका चित्रावर. वाघाच्या तोंडावर शिक्का, राणीच्या तोंडावर शिक्का.

पहिल्या शुक्रवारी ओंकार नावाचा एक चुणचुणीत पोरगा पुस्तक घेऊन आला. त्यातल्या राजाला तोंडच नव्हतं, त्या जागी आमच्या शाळेचं नाव. ओंकारनं ते नीट वाचलं आणि विचारलं, "बाई, ह्यो राजा आपल्याच शाळेत शिकला व्हय?"

०००

त्याच दिवशी मी पोरांना अस्वलाची एक गोष्ट वाचून दाखवली. अगदी आवाज बदलून, अस्वलासारखी गुरगुरून! पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. गोष्ट संपली आणि मी विचारलं, "आवडली का?"

सगळा वर्ग चिडीचूप. मी पुन्हा विचारलं. शेवटी दुसऱ्या बाकावरच्या श्रावणीनं हात वर केला. ही श्रावणी इंदापूरच्या बाजूची, घरी डाळिंबाची बाग. वर्गातली सगळ्यात सरळ पोरगी.

"बाई, पर्याय सांगा की."

माझ्याही अंगात आलं. फळ्यावर लिहिलं: एक, खूप आवडली. दोन, आवडली. तीन, आवडली नाही. चार, यांपैकी नाही. अख्ख्या वर्गानं तीन-तीन बोटं वर केली! माझं तोंड एवढंसं झालं. एवढी गुरगुरले ती फुकट!

"का गं? का नाही आवडली?"

"तसं न्हाय बाई," श्रावणी समजावणीच्या सुरात म्हणाली. "सरांनी सांगितलंय, उत्तर येत न्हाय तवा तीन नंबरचा गोल काळा करायचा."

०००

सरांचं उताऱ्याचं एक खास तंत्र आहे. उतारा वाचायचाच नाही! आधी प्रश्न बघायचा, त्यातला एक शब्द पकडायचा, बोटानं तो उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उत्तर म्हणून द्यायचा. सगळ्या तालुक्यात हे तंत्र वाखाणलं जातं, असं सर स्वतः सांगतात.

एकदा त्यांनी स्टाफरूममध्ये मलाच बसवलं. समोर उतारा ठेवला, मोबाईलवर वेळ लावली आणि म्हणाले, "सोडवा." मी आपली सवयीप्रमाणं पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. उतारा नदीचा होता, बरा लिहिलेला होता, मी जरा रमले.

"वेळ संपली!" सर ओरडले. मग हळहळून मान हलवत म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं मराठी शिकवता, आणि अजून वाचता?"

०००

मध्ये कधीतरी वरून आदेश आला, की शाळेतल्या वाचन-उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकावेत. सरांना माझा शुक्रवारचा तास एकदम प्रिय झाला. लगेच लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली. पोरांना उंचीप्रमाणं बसवलं. प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं, चकचकीत पुठ्ठ्याची पुढं आणि साधी मागं. तात्यांनी मोबाईल धरला आणि सर मागून सूचना द्यायला लागले. "पुस्तक छातीपाशी! माना वर! हसा!"

आता पोरांच्या हातात उघडं पुस्तक दिल्यावर ती काय करणार? श्रावणीची मान हळूहळू खाली गेली. तिनं एक पान उलटलं, मग दुसरं. फोटोत नुसता भांग दिसायला लागला.

सर कडाडले, "ए पोरी, वाचू नको! वाचनाचा फोटो चाललाय!"

०००

पहिली सराव परीक्षा झाली. निकाल असा-तसाच. पण ओंकारची उत्तरपत्रिका सरांनी मला बोलावून दाखवली. उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा असा प्रश्न होता, चार पर्याय, चार गोल. ओंकारनं चौथ्याच्या पुढं पट्टीनं मोजून-मापून पाचवा गोल काढला होता आणि तो काळाभोर रंगवला होता.

ओंकारला बोलावलं. तो बिनघोर. "सर, चारीबी शीर्षकं बरोबर न्हवती. मला एक चांगलं सुचलं व्हतं. म्हनून जागा केली."

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, खऱ्या परीक्षेत ही पत्रिका मशीन तपासतं! मशीनला पाचवा गोल वाचता येत नाही!"

ओंकारनं माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. "मग मशीनलाबी शुक्रवारी बसवा की सर, बाईंच्या तासाला."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुसरं करणार काय?

०००

दिवाळीनंतर श्रावणीचे आजोबा शाळेत आले. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. सरांच्या खोलीत खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलायला लागले. मला बोलावणं आलं.

"बाई, आमची पोरगी बिघडली."

"काय झालं आबा?"

"काय हुयाचं ऱ्हायलंय? बागंत ठिबकला बसवलं व्हतं. म्हणलं, तासाभरानं पाण्याचा कॉक पल्याडच्या बागंकडं फिरव. ही बसली तुमच्या कपाटातलं पुस्तक घिऊन! निम्म्या बागंत तळं, निम्मी बाग कोरडी."

सरांनी लगेच माझ्याकडं बघितलं. पालकांची तक्रार, आणि तीही शुक्रवारच्या तासाची! त्यांनी वही पुढं ओढून पेनाचं टोपण काढलं. मी कशीबशी म्हणाले, "पण आबा, परीक्षेचा अभ्यास करतानाही पोरं पुस्तकच वाचतात ना?"

"त्येचं काय न्हाय हो," आबा म्हणाले. "परीक्षेचं वाचती तवा एक हाक मारली की 'ओ' देती. ह्ये तुमचं वाचती तवा ठार बहिरी हुती!"

सरांनी ते जसंच्या तसं तक्रार म्हणून लिहून घेतलं. मला कुणी त्या वाक्याची फ्रेम करून दिली असती, तर मी वर्गात लावली असती.

०००

दुसऱ्या सराव परीक्षेत मात्र तमाशा झाला, आणि या वेळी तो माझा नव्हता. सरांनी नेहमीच्या गाईडमधलाच उतारा घेतला. फक्त पाच प्रश्नांचा क्रम बदलला, आपलं उगीच. तपासायला बसले तर अख्ख्या वर्गाची उत्तरं सारखी. आणि सगळ्यांची सारखीच चुकलेली!

सरांना वाटलं, कॉपी झाली. पोरांना उभं केलं. पोरं रडकुंडीला आली. शेवटी श्रावणीनं सांगितलं, की कुणी कुणाचं बघितलं नाही. तो उतारा गाईडात सत्तावीस नंबरचा. सत्ताविसाव्याची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत.

"पाठ? म्हणजे कशी?"

सगळा वर्ग पाढे म्हणतात त्या चालीवर म्हणायला लागला, "सत्ताविसावा! एक-तीन-दोन-चार-दोन! अठ्ठाविसावा! दोन-दोन-एक-तीन-चार!"

पस्तिसाव्याला सरांनी हात वर करून थांबवलं. गाईड मिटून टेबलावर ठेवलं. मग मला म्हणाले, "आता गाईड नाही. तिसऱ्या परीक्षेचा उतारा मी स्वतः लिहिणार."

मला सरांची जरा दयाच आली. पण तिसरी परीक्षा म्हणजे आमच्या सौद्याची परीक्षा. दया मी पुढं ढकलली.

०००

सरांनी उतारा लिहिला. आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला असावा. मोरगावची एक म्हातारी आपली पांढरी शेळी विकायला बारामतीच्या बाजारी निघते. एसटी येते. म्हातारी आधी शेळीला आत ढकलते. तेवढ्यात तिची पिशवी फाटते, कांदे रस्त्यावर सांडतात. म्हातारी ते गोळा करायला वाकते. कंडक्टर घंटी मारतो, आणि शेळीला घेऊन एसटी सुटते.

संपला उतारा! पुढं पाच प्रश्नांना जागा पाहिजे होती ना.

शेळीचा रंग कोणता, गाव कोणतं, रस्त्यावर काय सांडलं, विक्रीसाठी काय नेलं, असे चार प्रश्न. पाचवा, उताऱ्यातून काय बोध मिळतो? पर्याय: वेळेचे महत्त्व ओळखावे, प्राण्यांवर दया करावी, कापडी पिशवी वापरावी, प्रवासात सावध राहावे.

त्या दिवशी पर्यवेक्षण माझंच होतं. उताऱ्यावर कुणाचंही बोट फिरत नव्हतं. पोरं पहिल्या ओळीपासून वाचत होती! मी आनंदानं वेडी व्हायची बाकी. एकानं पान उलटून मागं बघितलं, मागं बुद्धिमत्तेची गणितं. दुसऱ्यानं हात वर केला. "बाई, माझ्या पेपरात एक पान कमी हाय."

निकाल लागला. पहिले चार प्रश्न सगळ्या वर्गाचे बरोबर, अगदी ओंकारचेसुद्धा. आणि पाचव्या प्रश्नाचे चारही गोल कोरे. दोघातिघांनी काहीतरी रंगवलं होतं, बाकी सगळ्यांचे कोरे! पाचपैकी पाच मिळालेली पोरं एका बाकावर मावली असती.

सरांनी वर्गात येऊन विचारलं, "येत नव्हतं तर तीन नंबर का नाही लावला?"

"येत न्हवतं आसं न्हाय सर," श्रावणी उभी राहून म्हणाली. "गोष्ट आजून संपलीच न्हाय. संपल्याबिगर बोध कसा सांगायचा?"

सरांनी निकालाची वही मिटली. पण सौदा तो सौदा. तास गेला.

आता एवढा वेळ मी टिंगल करतेय, पण खरं सांगते, त्या दिवशी मला रडू आलं. पोरं वाचायला लागली आणि वाचायला लागली म्हणूनच हरली, हे मी कुणाला सांगणार होते? पुस्तकं मोजून कपाटात ठेवली. तात्यांनी कुलूप लावलं. श्रावणी दारात उभी राहून बघत होती. तिच्या घरी गाईडशिवाय पुस्तक नाही, हे मला माहीत होतं. "बाई, कपाट परत कवा उघडायचं?" तिनं विचारलं.

०००

आणि आता शेवटचा.

पुढच्या शुक्रवारी तो तास घ्यायला सर स्वतः पाचवीत गेले. मी शेजारच्या वर्गात वह्या तपासत होते. मध्ये नुसता पत्र्याचा पडदा. सगळं ऐकू येतं.

सरांनी फळ्यावर लिहिल्याचा आवाज आला. "सराव संच पहिला. वह्या काढा."

वह्या निघाल्याचा आवाज काही आला नाही. श्रावणीचा आला. "सर, ती शेळी कुठं उतरली?"

"तो प्रश्न पेपरात नव्हता."

"व्हय सर. पर उतरली कुठं?"

"उताऱ्याला पुढं नसतं. बस खाली."

"सर, ती दुभती व्हती का?" हा ओंकार.

"उताऱ्यात तसं दिलेलं नाही."

"पर उतारा तुमीच दिलाय की सर! तुमालाच म्हाईत आसणार."

फळ्यावर खडू आपटल्याचा आवाज आला. मग मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "दुभती आसंल तर सड तटाटलं आसतील. धार कोण काढणार? म्हातारी तर मोरगावातच ऱ्हायली."

"कंडक्टर काढंल!"

"कंडक्टरला येती व्हय धार काढाया?"

"गप्प बसा!" सर ओरडले. मी लाल पेन हातात तसंच धरून बसले होते. पत्र्यापलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर बसले असावेत. मी त्यांना वर्गात बसलेलं कधी पाहिलेलं नाही.

"दुभती होती," सर म्हणाले. जरा थांबले. "आणि कंडक्टर होता मूळचा कन्हेरीचा. त्याच्या घरी शेळ्याच होत्या. त्यानं पाहिलं, खिडकीजवळच्या सीटवर शेळी बसलीय. तो म्हणाला, तिकीट?"

वर्ग खदखदून हसला. मी वह्या मिटल्या. पुढं मग शेळीचं तिकीट काढायचं की नाही यावरून गाडीत भांडण लागलं. एक बाई म्हणाली पूर्ण, एक फेटेवाला म्हणाला अर्धं. म्हातारीला एका टेंपोवाल्यानं घेतलं, पण टेंपो पंक्चर झाला. सराव संच फळ्यावर तसाच. घंटा झाली तेव्हा गाडी कशीबशी बारामती स्टँडात शिरत होती. एरवी घंटेला पोरांचा लोंढा दाराबाहेर पडतो. त्या दिवशी कुणी उठलं नाही. तात्यांनी दुसऱ्यांदा घंटा दिली.

या गोष्टीबद्दल सर माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. आठवडाभर समोरून आले की मोबाईल कानाला लावायचे. मीही विचारलं नाही.

नंतरच्या शुक्रवारी शेवटच्या तासाच्या आधी तात्या स्टाफरूममध्ये आले. "बाई, सरांनी कपाट उघडाया सांगितलंय. पाचवीचा वाचनाचा तास परत चालू."

मी उभीच राहिले. तास वाचला! केस सारखे केले, पदर खोचला, अस्वलाचं पुस्तक काखेत घेतलं आणि व्हरांड्यातून निघाले. पाचवीच्या दारातच सर उभे. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला.

"मॅडम, तुम्ही तेवढी आठवीची सराव परीक्षा घ्या," सर म्हणाले आणि दार लोटता लोटता घाईनं पुढचं सांगितलं. "मला आज काहीही करून शेळी इंदापूरपर्यंत न्यायचीय!"